आप्पांनी मांडलेलं घर

दुकानात गिऱ्हाईक आलं की दुकानदार उठतो, अशी माझी समजूत होती. आमचे घरमालक उठायचे नाहीत. त्यांचं कडा गावात भांड्यांचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या अंगाला, परातींच्या चळतीआड एक कॉम्प्युटर ठेवलेला होता, आणि हे गृहस्थ त्याच्यासमोर बसून तिथूनच विचारायचे, "कळशी पायजे का घागर?" गिऱ्हाईक म्हणायचं, कळशी. मग ती डाव्या हाताला आहे, वाजवून बघा, आवाज मला इथं कळेल, असं उत्तर यायचं. गिऱ्हाईक बिचारं कळशी वाजवायचं आणि हे पडद्यावरची नजर न काढता भाव सांगायचे. आवाजावरून पत्र्याची जाडी कळते, असा त्यांचा दावा होता. माझ्या मते त्यांना फक्त उठायचा कंटाळा होता.

सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही आप्पा म्हणू लागले. मी साताऱ्याकडची. बँकेतल्या बदलीने कड्याला आले आणि दुकानावरच्या दोन खोल्या बघायला गेले, तेव्हा आप्पांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "मॅडम, तुमी चिडक्या हाय का?" मी जराशी चिडूनच नाही म्हणाले. त्यांनी लगेच किल्ली काढून दिली. त्या घरात चिडक्या माणसांची सगळ्यांना सवय होती, हे मला नंतर कळलं.

आप्पांचं घर लिंगायत वाण्यांचं. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सकाळची पूजा चुकायची नाही. पूजा झाली की चहा, आणि चहा झाला की खेळ. साठीच्या माणसाने कॉम्प्युटरवर खेळत बसावं याचं गावाला आधी नवल वाटलं, मग सवय झाली. शहाणपणाला वय नसतं म्हणतात, खुळालाही नसतं. बिलं करायचं सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने जाता जाता हे खूळ त्या यंत्रात टाकून दिलं होतं. बिलं आप्पांची मुलगी गौरा करायची, आणि ती उठली रे उठली की खुर्ची आप्पांची.

खेळ कसला, तर विजेच्या कोड्यांचा. पडद्यावर एका टोकाला कळा, म्हणजे बटणं, बसवायच्या, दुसऱ्या टोकाला एक दिवा, आणि मध्ये तारा ओढून ठोकळे ठेवायचे. एका ठोकळ्यात दोन तारा येतात आणि दोन्हींतून वीज आली तरच तो पुढे सोडतो. दुसऱ्याला कुठलीही एक आली तरी चालते. तिसरा तऱ्हेवाईक. वीज आली की अडवतो, नाही आली की सोडतो. इंग्रजीत त्यांना अँड, ऑर आणि नॉट अशी नावं आहेत. आप्पांनी त्यांची नव्याने बारशी केली होती : दोघं, कुणीबी आणि उलट्या. खेळाने दिलेली कोडी सोडवून संपली, तेव्हा त्यांना एक मोकळं मैदान मिळालं. तिथे कोडं नाही, हुकूम नाही, वाटेल ते मांडा. त्या मैदानात आप्पांनी हळूहळू सगळं कडा गाव मांडायला घेतलं.

पहिला मांडला तो नळ. आमच्या गल्लीत नळ आला की नेमकी वीज गेलेली असायची, आणि वीज असली की नळ कोरडा. मोटर चालायला दोन्ही हवं. आप्पांनी नळाची एक कळ, विजेची एक कळ, मध्ये 'दोघं' आणि शेवटी मोटरीचा दिवा अशी रचना केली, तिच्यात टाकी भरली की बंद व्हायची सोय म्हणून एक 'उलट्या' घातला, आणि काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, मोठ्या प्रेमाने बोलावून दाखवली. काकू पदराला हात पुसत आल्या आणि नीट बघून म्हणाल्या की नळ आला म्हणजे खाली बादली लावायची, त्याला दिवा कशाला पाहिजे. आप्पा त्यावर बराच वेळ विचार करत बसले. दुसऱ्या दिवशी मैदानात बादलीसाठी 'कुणीबी' बसलेला होता, आणि काकूंचं म्हणणं रास्त होतं असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. शेजारचा टेलर 'कुणीबी', कुणीही काहीही सांगितलं तरी हो म्हणणारा. माझ्या बँकेचे साहेब 'दोघं', सही पाहिजे आणि शिक्काही पाहिजे. मी कोण, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते नुसते हसले. पुढे मी त्यांच्याकडून दुधाचं पातेलं घेतलं. भांड्यावर नाव घालायचं यंत्र आप्पा स्वतः चालवायचे. घरी येऊन बघते तर पातेल्यावर माझ्या नावाऐवजी एक त्रिकोण आणि त्याच्या टोकाला बारीकसा गोल कोरलेला. ती 'उलट्या'ची खूण. ते पातेलं मी अजून वापरते आणि पाहुण्यांना त्याचा अर्थ सांगत नाही.

काम झालं का, असं आप्पा कधी विचारायचे नाहीत. दिवा लागला का, असं विचारायचे. मला बरं नसलं की खालून हाक यायची, "मॅडम, डाक्टरकडं गेलता का? दिवा लागला का?" काकूंच्या हातची ताकाची कढी वर यायची आणि पाठोपाठ दिव्याची चौकशी. परक्या गावात एकट्या बाईला असं कुणी विचारत असलं की बरं वाटतं. मला तो माणूस फार आवडायचा, त्याच्या खुळासकट.

गौरा त्यांची एकुलती एक. आष्टीच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, बोलायला मोजकी. आप्पा एखाद्या रचनेत अडकून केस ओढत बसले की ती बिलं चाळता चाळता मागून वाकायची, एक तार उचलून दुसरीकडे जोडायची आणि निघून जायची. दिवा लागायचा. आप्पा मांडी थोपटून म्हणायचे, बघा, शेवटी जमलं. आपल्याला जमलं असंच त्यांना खरोखर वाटायचं.

घरात थोरली माणसं चार. सगळ्यांत थोरले अण्णा, मग आप्पा, मग त्यांची विधवा बहीण, म्हणजे गौराची आत्या, आणि शेवटी धाकटे तात्या. चूल एक, पण अण्णा आणि तात्या यांचं जन्मात पटलं नाही. कशावरून बिनसलं ते कुणालाच आठवत नव्हतं. आत्या म्हणायच्या पतंगावरून, काकू म्हणायच्या दुकानाच्या पाटीवरून. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं, नुसतं एकाचं पूर्व तर दुसऱ्याचं पश्चिम.

आणि याच घरात एक जुनी रीत होती. पोरीचं स्थळ पक्कं करायच्या आधी घरातल्या घरात सुपारी व्हायची. तबकात सुपारी कातरून ठेवायची. धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येक थोरल्याने एक तुकडा उचलून तोंडात टाकायचा. चौघांनी खाल्ला तर स्थळ पक्कं. एकाचाही तुकडा तबकात राहिला तर मुलाकडच्यांना कळवायचं की योग नाही, आणि का ते कुणी कुणाला विचारायचं नाही. या भावांचे वडील होते तोवर त्यांच्याकडे बघून सगळे निमूट खायचे. वडील गेले, आणि गौराची स्थळं एकामागून एक तबकातच राहायला लागली. तात्या तुकडा उचलायचे, आत्या उचलायच्या, आप्पा उचलायचे, आणि अण्णा मांडीवर हात ठेवून छताकडे बघायचे. काकू मग माझ्या खोलीत येऊन रडायच्या. आप्पा रडायचे नाहीत, पण अशा दिवशी गिऱ्हाइकाला कळशीच्या ऐवजी घागर सांगायचे. पोरगी आपल्या भावांच्या चढाओढीत घरात बसून राहणार, ही भीती त्यांना आतून कुरतडत होती.

अशात एकदा सगळं घर जीप करून कपिलधारला देवदर्शनाला निघालं, मलाही ओढून नेलं. वाटेत मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवायला थांबलो. तात्यांनी शेवभाजी सांगितली. अण्णा लगेच म्हणाले, पिठलं. तात्यांनी चहा सांगितला, अण्णांनी ताक. आप्पांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. थोड्या वेळाने ते तात्यांच्या कानाशी लागले, आणि तात्यांनी मोठ्याने सगळ्यांसाठी जिलबी मागवली. जिलबी म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. तरी अण्णा म्हणाले की गोडाने दात किडतात, मला नको. आप्पा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, उलट्या सापडला." परतीच्या वाटेवर ते बोटाने मांडीवर तारा ओढत बसले होते. अण्णा मात्र आत्यांच्या पानातल्या जिलबीकडे बघत जेवले होते, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मैदानात घर मांडलेलं होतं. चार माणसांच्या चार तारा, सगळ्या 'दोघं'च्या ठोकळ्यांतून जाऊन शेवटी एका दिव्याला मिळालेल्या. पण अण्णांना कळच नव्हती. तात्यांची तार फुटून तिचा एक फाटा सरळ दिव्याकडे गेला होता, आणि दुसरा 'उलट्या'तून जाऊन अण्णांची तार झाला होता. आप्पांनी मला कळ दाबून दाखवली. तात्या हो म्हणाले की अण्णांची तार मेलेली. तात्या नाही म्हणाले की तात्यांचीच मेलेली. काहीही करा, दिवा लागणं नाही.

"आमच्या घरात लग्न व्हणं शक्यच न्हाई, मॅडम," आप्पा म्हणाले. "आमी याला भांडण म्हणत व्हतो. हे भांडण न्हाई, ही रचना हाय."

रचना असली की ती बदलता येते, असा त्यांचा विश्वास. तितक्यात बार्शीचं एक स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगा इंजिनिअर, स्वभावाने गरीब. आप्पांनी तात्यांना दुकानात बोलावलं, परातींच्या आड बसवलं आणि त्यांच्याकडून शपथ घेतली की हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. त्या दिवसापासून तात्या उठता बसता बार्शीच्या स्थळाला नावं ठेवायला लागले. मुलाचे कान मोठे आहेत, बार्शीचं ऊन फार, त्यांच्या घरात भाताला मीठ कमी घालतात. तात्यांना नाटकाची हौस होतीच. अण्णा ऐकायचे, आणि दिवसागणिक त्यांना बार्शी जास्त जास्त आवडायला लागली.

सुपारीचा दिवस रविवारचा होता. सकाळी बैठकीत तबक आलं. ही हकिकत मला आप्पांनी तासाभरात सांगितली, म्हणून जशीच्या तशी लक्षात आहे. तात्यांनी तुकड्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. आत्यांनी कपाळाला हात लावला, पण आपला तुकडा घेतला. आप्पांनी घेतला. मग अण्णा पुढे सरसावले आणि तात्यांच्या तोंडाकडे बघत बघत त्यांनी तबकातला सगळ्यांत मोठा तुकडा उचलून कडकन फोडला. तात्या हताश चेहऱ्याने म्हणाले की थोरल्यानं घेतली तिथं माझं काय चालतंय, आणि त्यांनीही घेतली. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. बार्शीला फोन गेला. ते लोक म्हणाले, जेवून निघतो, संध्याकाळपर्यंत पोचतो.

आप्पा धावत दुकानात आले आणि त्यांनी हाक मारून मला वरून खाली बोलावलं. मैदानात तात्यांच्या सरळ फाट्यावर त्यांनी आणखी एक 'उलट्या' बसवला होता. उलट्याचा उलट्या. दिवा लागलेला होता. त्यांचा चेहरा मी तितका आनंदी कधी पाहिला नव्हता. मला सगळं समजावून सांगत होते, आणि सांगता सांगता मध्येच भस्म लावलेलं कपाळ पुसत होते. गौरा मागे येऊन उभी राहिलेली आम्हा दोघांनाही कळलं नाही. तिने नवी साडी नेसली होती. ती पडद्याकडे बघत होती, वडिलांकडे नाही.

"आप्पा, ह्यात मपली कळ कुठंय?" तिने विचारलं.

आप्पांनी खरोखर शोधली. माऊसचा बाण मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, जणू मघाशी इथेच कुठेतरी ठेवली होती. मग म्हणाले, "तुजी कशाला पायजे? हा दिवा तुझ्यासाठीच हाय की, बाई."

"दिव्याला कुणी इचारतं का, लागायचं का म्हणून?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. पहिल्या स्थळाच्या वेळी आपण आईला नको म्हणालो होतो, ती सांगत गेली, आणि आईने ते आप्पांना सांगितलं, तेव्हा आप्पा म्हणाले पोरगी लाजली. लाजलेली म्हणून कुणी ऐकलं नाही. मग तिने वेगळी वाट धरली. कुठलंही स्थळ आलं की ती तात्यांना आवडीची थालीपीठं करून वाढायची आणि म्हणायची, तात्या, हे स्थळ लई चांगलं वाटतंय. तात्या गावभर कौतुक करत सुटायचे, आणि अण्णा सुपारी ठेवून द्यायचे. या वेळी तात्यांनी चार चार थालीपीठं खाल्ली, तरी बार्शीला नावं ठेवायचं सोडलं नाही. असं का होतंय ते तिला कळेना. आता कळलं होतं.

"तुमी उलट्या आत्ता हुडकला, आप्पा. मी त्याच्यावरच दिवस काढले. माझ्याजवळ तेवढंच एक 'न्हाई' व्हतं. ते आज तुमी काढून घेतलं."

आप्पांनी माऊसवरचा हात काढून घेतला. मग ते उठले आणि चप्पल न घालताच मागच्या दाराने घरात गेले. आम्ही दोघी त्यांच्या मागे.

बैठकीत तबक अजून तिथेच होतं. आत्या पानाला चुना लावत होत्या. अण्णा आणि तात्या दोन टोकांना बसून, पाहुण्यांना गादीवर बसवायचं की खुर्चीवर, यावर आपापली मतं आत्यांना सांगत होते. आप्पांनी तबकातल्या उरलेल्या सुपारीतला एक तुकडा उचलला आणि परत तबकात ठेवला. म्हणाले, माझा तुकडा मी परत ठेवला. अण्णा म्हणाले की खाल्लेली सुपारी परत येत नसते, आपल्या घरात असं कधी झालेलं नाही. आप्पा म्हणाले, आज झालं.

तात्या उसळले. यायला निघणाऱ्या माणसांना काय तोंड दाखवायचं, घराण्याचं नाव काय राहील, असं बरंच बोलले, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं बोलून गेले, "मग मी इतके दिस खोटं कशापायी बोललो?"

"कसलं खोटं?" अण्णांनी विचारलं.

आप्पांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ढाब्यावरची जिलबी, पडद्यावरची रचना, तात्यांची शपथ. गौराने काय केलं तेही सांगितलं, कारण लपवून आता काही उपयोग नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. मला वाटलं अण्णा ओरडतील. ते ओरडले नाहीत. पासष्टीचा तो माणूस एकाएकी थकलेला दिसायला लागला, आणि त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"म्हंजे तुमी समदे मला कळ समजून दाबत व्हता," ते म्हणाले. मग गौराकडे वळले. "तू बी?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"कावून? एकडाव येऊन म्हणली असतीस, अण्णा, मला न्हाई करायचं, तर मी तात्याचं तोंड बगत बसलो असतो का? तुझ्यासाठी ठेवली असती की सुपारी."

"तुमाला कुणी काही सांगतच न्हाई, अण्णा," गौरा म्हणाली. "तुमी उलटं कराल म्हणून भेतात समदे. मी बी भेले."

अण्णांनी तबक हाताने बाजूला सारलं आणि गौराला समोर बसायला सांगितलं. ती बसली. तिला काय हवं आहे, असं त्यांनी विचारलं. तिथे असलेल्या कुणीही तिला हे कधी विचारलेलं नव्हतं. इतकी वर्षं एवढं मोठं घर बोटावर खेळवणारी ती पोरगी उत्तर द्यायला गेली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. नको काय ते तिला पाठ होतं. हवं काय, याचा विचार करायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला अजून न्हाई कळलं," ती म्हणाली. "इचार करायला येळ पायजे."

तात्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी अण्णा बोलले. "थांबू मग," ते म्हणाले. मी सवयीने तात्यांकडे पाहिलं. आत्यांनीही पाहिलं. तात्यांनी घसा साफ केला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "थांबू."

एवढं होईस्तोवर आप्पा फोन घेऊन अंगणात गेले होते. बार्शीच्या लोकांना त्यांनी स्वतःच फोन लावला. मधला कुणी घातला नाही, योग नाही हा घराण्याचा ठरलेला शब्दही वापरला नाही. पलीकडची माणसं निघायच्या तयारीत असणार, त्यांनी पोरीला साडी घेतलेली असणार. त्यांचा राग आम्हाला बैठकीत ऐकू येत नव्हता, फक्त आप्पांची पाठ दिसत होती. अनवाणी, मान खाली घालून ते बराच वेळ नुसतं ऐकत उभे राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमी बोलता ते बराबर हाय. चूक आमचीच हाय. आमचं पोरीला इचारायचंच राहून गेलतं."